घोंगडी नको, पेंढा हवा

गेल्या हिवाळ्यात टोरांटोलगतच्या मिसिसागा या शहरी मुलीकडे राहावयास जाताना, तेथील थंडीच्या ज्या वार्ता कानी आल्या होत्या त्यांची धास्ती घेऊन, मी पंढरपुरास एका धनगराकडून पूर्वी कधी खरेदी केलेली काळी घोंगडी सामानात कोंबून नेली. आणि घरी पोहोचल्यावर असे आढळले की, त्या मुलखात घरे आतून अशी तापवलेली असतात की घोंगडी पांघरणे दूरच, अंगातला स्वेटरही उतरवून ठेवावा लागतो. घोंगडी कपाटात पडून राहिली. डिसेंबरच्या मध्यास एके सकाळी कुंपणापलीकडे शेजारच्या वृद्ध बाई गुडघ्यावर बसून एका काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत मुठी मुठीने पेंढा भरताना दिसल्या. पेटीच्या एका कोपऱ्यास चहाच्या बशीएवढे वाटोळे भोक होते आणि दहा-बारा पावलांवर, हिमाच्या ढिगाआडून, दोन बेवारस मांजरे या सर्व उद्योगावर सावकारी नजर ठेवून बसली होती.

घोंगडीचा सदुपयोग करण्याची हीच वेळ, असे वाटून मी ती तत्परतेने घेऊन गेलो. बाईंनी ती हातात घेतली, कौतुकाने कुरवाळली आणि परत दिली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हेतू चांगला आहे, परंतु लोकर आत नको. ती मांजरांच्या जिवावर बेतेल.

"बाबा, इथं सगळे तसंच सांगतात," मुलगी म्हणाली. "टॉवेल नको, चादर नको, नुसता पेंढा."

"का पण?"

"ते मी कधी विचारलं नाही."

ज्या घोंगडीने सह्याद्रीच्या पावसात आणि माणदेशाच्या माघातल्या रात्रीत पिढ्यान् पिढ्या मेंढपाळांचे रक्षण केले, ती मांजराला घातक. आणि जो पेंढा आपण गुरांपुढे टाकतो किंवा आंब्याच्या पेटीत घालतो, तो मात्र तारक! या कोड्याचा उलगडा करण्यात माझे पुढचे दोन महिने चांगले गेले. त्यातून मांजरांपेक्षाही उष्णता या पदार्थाविषयी (ती पदार्थ नाही हे मला ठाऊक आहे, पण तिचा व्यवहार पैशासारखाच चालतो) मला अधिक समजले.

शेगडी कोठे आहे?

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, मांजरासाठी केलेले खोके उष्णता उत्पन्न करीत नाही. त्यात शेगडी नाही, दिवा नाही. तेथे एकच शेगडी असते आणि ती म्हणजे मांजर.

मांजराच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा किंचित अधिक. ते टिकवण्यासाठी अन्न जाळावे लागते. किती, याचा अंदाज देणारा एक नियम मॅक्स क्लायबर या शरीरशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडला. त्या नियमाप्रमाणे प्राण्याचे वजन सोळापट झाले तर त्याची विश्रांतीतली उष्णता सोळापट न होता केवळ आठपट होते. चार किलो वजनाचे मांजर स्वस्थ पडले असता दिवसाकाठी सुमारे २०० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या हिशेबात सुमारे १० वॅट, उष्णता निर्माण करते. चौसष्ट किलोचा माणूस त्याच्या आठपट, ऐंशीच्या आतबाहेर. दहा वॅट म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या एखाद्या एलईडी दिव्याची शक्ती. एवढ्या भांडवलावर त्या जीवाला जानेवारीची रात्र काढावयाची असते. टोरांटोच्या परिसरात ती रात्र सामान्यतः शून्याखाली सात-आठ अंशांची आणि लाट आली म्हणजे शून्याखाली वीस अंशांपर्यंतही जाणारी असते.

त्यात मांजराची कुळकथा प्रतिकूल. आपल्या घरातले मांजर पश्चिम आशियातील रानमांजरापासून उतरले, हे जनुकांच्या अभ्यासाने २००७ साली स्पष्ट झाले. उन्हाच्या, कोरड्या मुलखातला हा प्राणी. शरीराला जादा काहीही न जाळता ज्या तापमानात सुखाने राहता येते, ती मर्यादा मांजराच्या बाबतीत सुमारे ३० ते ३८ अंशांची मानतात. पुण्यातला वैशाख आपल्याला असह्य होतो तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत मांजर का पसरलेले असते, याचा खुलासा येथे होतो. आणि वीस अंशांच्या, आपल्या दृष्टीने आल्हाददायक अशा खोलीतदेखील ते आपल्या मांडीचा आग्रह का धरते, याचाही; तो आग्रह प्रेमाचा असेल, परंतु केवळ प्रेमाचा नव्हे.

थंडी वाढली की शरीर अधिक अन्न जाळते. ज्याला दोन वेळा पोटभर मिळण्याची शाश्वती नाही त्याला आवक वाढवणे कठीण. तेव्हा जावक कमी करणे, एवढाच मार्ग उरतो. मांजरघर म्हणजे जावक रोखण्याचा बंदोबस्त.

उष्णता पळते कशी?

उष्णतेच्या पळण्याच्या चार वाटा आहेत. गरम तव्याच्या सांडशीची मूठ हळूहळू तापते ती पहिली वाट: पदार्थाला पदार्थ चिकटून असला की उष्णता एकातून दुसऱ्यात सरकते. याला वहन म्हणतात. फुंकर घातली की बशीतला चहा निवतो. तापलेली हवा दूर जाते, तिच्या जागी थंड हवा येते, ही दुसरी वाट, अभिसरण. निखाऱ्याला हात न लावता, वारा आपल्याकडून त्याच्याकडे जात असतानाही त्याची धग चेहऱ्याला लागते. उष्णता प्रकाशासारखी पोकळीतूनही जाते, हे प्रारण. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी हवेचे तापमान शून्यावर असतानाही पानांवर हिमकण जमतात, ते निरभ्र आकाशाकडे पानांची उष्णता या तिसऱ्या वाटेने निघून जाते म्हणून. चौथी वाट बाष्पीभवनाची. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते तेच कारण ओल्या अंगाला हुडहुडी भरवते.

यांतल्या पहिल्या दोन वाटांवर पहारा ठेवणारा, आणि तोही फुकट मिळणारा, शिपाई एकच आहे: निश्चल हवा. हवेतून उष्णतेचे वहन फार मंद होते. पाण्यातून ते त्याच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने होते. मात्र हवा हलता कामा नये. हलली की तीच चोराला सामील होते. म्हणून उबदार म्हणवणाऱ्या बहुतेक वस्तूंचे मर्म एवढेच असते की, त्यांच्यात हवा बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली असते. गोधडीत ती चिंध्यांच्या थरांमध्ये असते, मांजराच्या अंगावर केसांच्या दाटीत असते. ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्यात शेकडा अठ्ठ्याण्णव भाग हवाच असते; ग्राहक पैसे मोजतो ते उरलेल्या दोन भागांचे.

हा पहारेकरी थंडीचा शत्रू किंवा मित्र नाही. तो केवळ रहदारी अडवतो. आमच्या लहानपणी बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या असत आणि "ऊब देणाऱ्या वस्तूंत गुंडाळल्यावर बर्फ वितळत कसा नाही?" असा प्रश्न आम्हा मुलांना पडे. याच भुशाच्या भरवशावर फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली 'टस्कनी' नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ हिंदुस्थानाकडे रवाना केला. चार महिने समुद्रावर, दोनदा विषुववृत्त ओलांडून जहाज कलकत्त्यास लागले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. ज्या युक्तीने अमेरिकेची थंडी आपल्या उन्हाळ्यात शाबूत पोहोचली, त्याच युक्तीने मांजराची ऊब तिकडच्या हिवाळ्यात शाबूत ठेवावयाची आहे.

लहान घराचे मोठेपण

आता हिशेब करू. नवशिक्याची स्वाभाविक चूक अशी असते की, तो मायेपोटी मोठे घर बांधतो. गरीब बिचारे, ऐसपैस राहू दे! परंतु ज्याची आमदनी दहा वॅट आहे त्याला वाडा परवडत नाही. भिंतींचे क्षेत्रफळ जितके अधिक तितकी उष्णता बाहेर जाण्यास दारे अधिक, आणि पोकळी जितकी मोठी तितकी तापवावयाची हवा अधिक.

चौकट: तीन घरांचा जमाखर्च

*पहिले घर.* आतून ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ३० उंच. सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर जाड थर्माकोल. आत-बाहेर एका अंशाचा फरक राखण्यास सुमारे पाऊण वॅट लागतो. १० वॅटचे एक मांजर आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे १३ अंश उबदार ठेवू शकते. दोन मांजरे सुमारे २६ अंश.

*दुसरे घर.* मापे तीच, परंतु भिंती नुसत्या १२ मिलिमीटर प्लायवुडच्या. एका अंशाला सुमारे साडेचार वॅट. एका मांजराची कमाई: जेमतेम २ अंश.

*तिसरे घर.* मोठ्या कुत्र्याच्या घराएवढे, १२० × ९० × ९० सेंटिमीटर, थर्माकोल पहिल्याइतकाच जाड. एका अंशाला पावणेचार वॅटच्या आसपास. एका मांजराची कमाई: ३ अंशांहूनही कमी.

*हा हिशेब दार बंद आहे असे धरून केला आहे. दाराच्या भोकातून जाणारी हवा प्रत्येक घराच्या कमाईतून आपला वाटा वसूल करते.*

दुसरे आणि तिसरे घर ताडून पाहावे. एकाला भिंत नाही म्हणण्यासारखी, दुसऱ्याला उत्तम भिंत. तरी फळ जवळपास सारखेच. म्हणूनच जाणते लोक दोन-तीन मांजरे एकमेकांना बिलगून मावतील एवढीच जागा ठेवतात आणि मांजरे अधिक असली तर मोठे घर न करता आणखी एक लहान घर ठेवतात. बिलगण्याचा लाभ दुहेरी असतो: शेगड्या दोन होतात आणि प्रत्येकीची एक बाजू दुसरीला टेकून राहिल्यामुळे थंडीपुढे उघडे अंग कमी होते. एकटे मांजर तरी निजताना वेटोळे करून नाक शेपटीखाली का घालते? गोलाकाराइतके कमी पृष्ठ दुसऱ्या कोणत्याही आकाराला नसते, हे त्याला भूमितीवाचून कळलेले असते.

घोंगडीची कैफियत

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर मूळ फिर्यादीकडे वळतो. लोकरीच्या तंतूचा गुण असा की, तो आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेतो आणि तरीही हाताला ओला लागत नाही. माणसाच्या अंगावर हा गुण वरदान ठरतो. परंतु धनगराची स्थिती आणि मांजराची स्थिती यांत दोन महत्त्वाचे भेद आहेत. धनगर चालत असतो आणि चालता माणूस काही शे वॅट उष्णता उधळत असतो. आणि मुक्कामाला पोहोचला की तो घोंगडी शेकोटीपाशी किंवा सकाळच्या उन्हात वाळत घालतो. मांजराला शेकोटी नाही, आणि त्या हिवाळ्यात ऊन पेटीच्या आत पोहोचत नाही.

मग घडते असे. मांजर पायांना, पोटाला हिम चिकटवून आत येते. ते वितळते आणि अंथरुणात मुरते. मांजराच्या श्वासातली वाफ थंड भिंतीवर दव होऊन जमते, तीही खाली उतरते. लोकर, टॉवेल, चादर हे सर्व ती ओल इमानाने धरून ठेवतात. पहाटे मांजर अन्नाच्या शोधात बाहेर पडते, शेगडी विझते, आणि तासाभरात अंथरूण थिजून कडक होते. परत आल्यावर मांजराला त्या बर्फावर निजावे लागते. अंथरुणात अवघे शंभर ग्रॅम पाणी, म्हणजे अर्धा पेलाभर, गोठले आहे असे धरा. ते नुसते वितळवण्यास सुमारे ३३ हजार जूल लागतात. दहा वॅटच्या शेगडीची ही सुमारे पंचावन्न मिनिटांची संपूर्ण कमाई. आणि अंगाखालची ती ओल वाफ करून घालवावयाची तर सुमारे अडीच लाख जूल, म्हणजे जवळजवळ सात तासांची! त्या सात तासांत स्वतःच्या शरीरासाठी त्या जीवाने काय ठेवावे? घोंगडी उबेचे कर्ज देते खरी, परंतु त्याचे व्याज असे चक्रवाढ असते.

पेंढ्याचा स्वभाव याहून उलटा. तिकडे तो गव्हाचा किंवा ओटचा असतो: दाणे झोडून काढल्यावर उरलेले पोकळ, पिवळे काड. प्रत्येक काडी म्हणजे कोंडलेल्या हवेची एक नळी, आणि काड्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडल्या की त्यांच्यामधली हवाही अडून राहते. काडीच्या अंगावर मेणासारखा गुळगुळीत लेप असल्यामुळे पाणी तिच्यात चटकन शिरत नाही. ते ओघळून तळाशी जाते आणि वरचा थर कोरडा राहतो. मांजर त्यावर निजत नाही, त्यात घुसते, अंगाभोवती काड्यांची खोप करते. म्हणजे पेटीच्या आत आणखी एक, बरोबर आपल्या मापाची खोली तयार होते. यासाठी पेंढा दाबून भरू नये. निम्म्याहून थोडी अधिक पेटी भरेल इतका, आणि सैल.

येथे एका घोटाळ्याविषयी सावध केले पाहिजे. पेंढा आणि वाळलेले गवत ही एक नव्हेत. गवत हिरवे असताना पानांसकट कापून वाळवलेले असते. ते जनावरांचे खाणे आहे आणि ओल शोषून बुरसते. आपल्या शेतकऱ्याला हा भेद सांगण्याची गरज नाही, पण तिकडच्या शहरवासीयांना दोन्ही गठ्ठे सारखेच पिवळे दिसतात. पेंढ्याचा पुरवठा मात्र तेथे एका विलक्षण मार्गाने होतो. ऑक्टोबरअखेर हॅलोवीनच्या सणात लोक अंगणात भोपळ्यांच्या आराशीसाठी पेंढ्याचे गठ्ठे मांडतात आणि सण उलटल्यावर रस्त्याकडेला टाकून देतात. आमच्या बाई नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोटार घेऊन हे गठ्ठे गोळा करीत हिंडतात आणि कोरडे तेवढे निवडून गॅरेजमध्ये हिवाळ्याची बेगमी करून ठेवतात.

दाराचे शास्त्र

पेटीच्या रचनेत सर्वांत अधिक विचार मागणारा भाग म्हणजे जेथे पेटी नाही तो, म्हणजे दार. ते साधारण १५ सेंटिमीटर रुंदीचे ठेवतात. एवढे लहान? मांजराच्या गळपट्टीची हाडे आपल्यासारखी खांद्याशी पक्की सांधलेली नसतात, ती स्नायूंत मोकळी असतात. त्यामुळे जेथून डोके गेले तेथून खांदे सहसा जातातच. दार मोठे ठेवले तर उष्णता जाते ती जातेच, शिवाय रॅकून येतो. चेहऱ्यावर काळी पट्टी असलेला हा निशाचर टोरांटोत इतका माजला आहे की कचऱ्याच्या डब्यांची कुलुपे त्याला ध्यानात ठेवून करावी लागतात, आणि भाडेकरू म्हणून तो कोणालाच परवडणारा नाही.

दार जमिनीपासून वीतभर उंच असावे, म्हणजे पाऊस आणि हिम आत येत नाही. परंतु छपराजवळ नसावे, कारण तापलेली हवा वर जाते आणि वरचे भोक तिला परवानाच देते. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांच्या हिमघरात हाच विवेक दिसतो: प्रवेशाचे भुयार खाली, निजण्याचा ओटा वर. मांजरघरात दार एका टोकाच्या कोपऱ्यास ठेवतात, जेणेकरून दुसऱ्या टोकाला निजलेल्याला झोत लागत नाही. मग पेटी अशी मांडतात की दार भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून हातभर अंतरावर येईल. वारा तेथे बिचकतो, कुत्र्याला वळता येत नाही, आणि मांजराला आपण कोणाला दिसत नाही याचे समाधान मिळते, जे त्याच्या दृष्टीने उबेइतकेच मोलाचे असते.

दोन दारे असावीत की एक, यावर जाणकारांत मतभेद आहेत. शत्रू आला तर पळावयास दुसरी वाट हवी, असा एक पक्ष. दोन दारे म्हणजे आरपार वारा, असा दुसरा. शून्याखाली वीस अंशांच्या मुलखात मी दुसऱ्या पक्षाला मत देईन. दारावर जाड पडदा लावावा हेही कोणी सांगतात, परंतु भित्रे मांजर पडद्याला डोके लावून आत जाण्यापूर्वी आठवडा घालवते आणि थंडी तितकी थांबत नाही. शिवाय घर अगदी हवाबंद केले तर श्वासातली वाफ आतच जमून भिंतींवर बर्फाचे कण धरतात. थोडी गळती राहू देणे, हा येथे दोष नव्हे.

बांधणी

प्रत्यक्ष काम अर्ध्या दिवसाचे आहे. झाकणाच्या दोन प्लॅस्टिकच्या पेट्या घ्याव्या, एक दुसरीत बसून चहूबाजूंनी दोन-तीन बोटे जागा राहील अशा. मधल्या जागेत, तळाशी आणि झाकणाखाली थर्माकोलचे तक्ते बसवावे. दोन्ही पेट्यांत समोरासमोर भोक पाडून त्यात प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा बसवला म्हणजे कडा कापत नाहीत आणि मधल्या थरात पाणी शिरत नाही. झाकण कायमचे चिकटवू नये, कारण पेंढा बदलावा लागतो; त्यावर दोन विटा ठेवल्या की वाऱ्याचे भय नाही. पेटी जमिनीवर थेट न ठेवता फळ्यांवर किंवा विटांवर ठेवावी, कारण थिजलेली भूमी हे उष्णता गिळणारे सर्वांत मोठे पोट आहे. याहून सोपे हवे असेल तर औषधांच्या किंवा मासळीच्या वाहतुकीसाठी वापरलेले जाड थर्माकोलचे खोके मागून आणावे आणि भोक पाडावे. त्यात सौंदर्य नाही, पण पहिल्या घराचा हिशेब त्यालाही लागू पडतो.

चंदेरी चकचकीत कागदाचे अस्तर भिंतींना लावण्याची पद्धत आहे. तो प्रारणाने जाणारी उष्णता परत फिरवतो हे खरे. परंतु त्यासाठी कागद आणि अंग यांच्यात मोकळी हवा हवी. पेंढा त्याला टेकला की त्याचे तेज बरेचसे वाया जाते. पैसे थोडे असतील तर ते थर्माकोलच्या जाडीवर खर्च करावे.

लॉस एंजेलिस येथे वास्तुविशारद मंडळींनी बेवारस मांजरांसाठी नाना आकारांची घरे रचून त्यांचे प्रदर्शन भरवले आहे आणि मिळालेला पैसा मांजरांच्या नसबंदीच्या कामी दिला आहे. त्या घरांची छायाचित्रे मी पाहिली. सुंदर आहेत. तेथे हिम पडत नाही.

पाणी, साखर आणि कान

हिवाळ्यात बेवारस मांजर जितके भुकेने हैराण होते तितकेच तहानेने, कारण सर्वत्र पाणी असून ते दगड झालेले असते. उथळ थाळीपेक्षा खोल, जाड भांड्यात पाणी उशिरा गोठते. उघडे पृष्ठ कमी आणि साठा अधिक, हे तत्त्व पुन्हा तेच. पाण्यात चिमूटभर साखर टाकली म्हणजे ते गोठत नाही, असा एक समज मांजरघरे करणाऱ्या मंडळींत प्रचलित आहे. त्याचा हिशेब मी करून पाहिला: एक लिटर पाण्याचा गोठणबिंदू दोन अंशांनी खाली आणावयास सुमारे ३६५ ग्रॅम साखर लागेल. तो पाक झाला. मांजराला त्याचा आनंदही नाही, कारण गोड चव ओळखणारे त्याचे जनुक निकामी झालेले आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. दिवसातून दोनदा कोमट पाणी नेऊन ठेवणे, हाच उपाय.

मोटारींच्या इंजिनात पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव मात्र भयंकर. त्यातील एथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते आणि चमचाभरसुद्धा मांजराचा प्राण घेण्यास पुरते. रस्त्यावर सांडलेले हे द्रव पंजाला लागते आणि पंजा चाटला जातो. तेव्हा सांडलेले पुसून काढावे, आणि सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्या. गरम इंजिनाच्या आडोशाला रात्र काढणाऱ्याला तेवढी सूचना पुरते.

त्या दोन मांजरांपैकी एकाच्या डाव्या कानाचे टोक नव्हते. हिमदंशाने गेले असावे, असे समजून मी हळहळलो. कानाच्या पाळीला थंडीने इजा होते हे खरे आहे. परंतु ही रेघ सरळ, कात्रीने कापल्यासारखी होती, आणि ती तशीच कापलेली होती. बेवारस मांजरे पकडावी, भूल देऊन नसबंदी करावी, लस टोचावी आणि पुन्हा त्यांच्या जागी सोडावी, अशी जी पद्धत अमेरिकेत १९९० साली स्थापन झालेल्या ॲली कॅट अलाइज या संस्थेसारख्यांनी रूढ केली, तिच्यात हे कापलेले टोक म्हणजे शस्त्रक्रियेचा दाखला असतो. त्याच मांजराला पुन्हा सापळ्यात धरू नये म्हणून. नसबंदीवाचून नुसती घरे बांधणे म्हणजे पुढल्या वर्षी दुप्पट घरे बांधणे, असे बाईंचे स्पष्ट मत आहे आणि मला ते ग्राह्य वाटते.

जानेवारीत एका रात्री दीड फूट हिम पडले. सकाळी पेटी दिसेनाशी झाली होती. छपरावरचे हिम काढावयास मी फावडे घेऊन गेलो, तर बाईंनी थांबवले. ताज्या हिमात बहुतांश हवाच असते, ते छपरावर गोधडीसारखे राहू द्यावे. मोकळे करावयाचे ते दार. उत्तरेकडच्या कोणत्याही गावी राहणाऱ्या वाचकाला माझी एवढीच विनंती आहे: कुंपणाकडेला भोक पाडलेले, विटा ठेवलेले काळे खोके दिसले तर ते कचरा समजून उचलून टाकू नये, आणि हिम पडून गेल्यावर आपल्या मोटारीची वाट साफ करण्याआधी त्या बशीएवढ्या भोकापुढचे हिम हाताने बाजूला करावे.